बारा मेंदूंची मोजणी

सोमवारच्या बैठकीत भाचीने मोजलेले आकडे पडद्यावर आले, तेव्हा सगळ्यांनी टेबलं वाजवली. मामांनीही वाजवलं, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती त्याच वेळी.

पडद्यावर बारा ठिपके होते. सहा वर, सहा खाली. मधून रस्ता काढावा एवढी मोकळी जागा.

"मामा," शेजारी बसलेला नकाशेवाला कानाशी लागला, "तुमच्या भाचीचे उंदीर फारच शिस्तीचे निघाले. कुठल्या शाळेत घातले होते?"

मामा हसले. हसायचं म्हणून हसले. नकाशेवाला म्हणजे संगणकावर मेंदूचा नकाशा रचणारा, जिभेला हाड नसलेला माणूस. त्याचं बोलणं मनावर घ्यायचं नाही असाच तिथला रिवाज होता. पण हे बोलणं रुतलं, कारण नेमकं तेच मामांना स्वतःला वाटलं होतं. एकतीस वर्षं ते या प्रयोगशाळेत उंदरांचे मेंदू कापत आले होते. गोठवलेला मेंदू यंत्रात बसवायचा, केसाहून पातळ काप पाडायचा, तो कुंचल्याच्या टोकाने उचलून काचेवर निजवायचा, रंगवायचा, झाकायचा. एवढ्या वर्षांत सहाच्या सहा उंदीर एका रांगेत उभे राहिलेले त्यांनी पाहिले नव्हते. सहात एक तरी वांड निघतोच.

खरं तर ते एकाच मुलीचे मामा होते. चार वर्षांपूर्वी बहिणीची ही मुलगी इथे संशोधनाला आली, त्यांच्याच घरी राहू लागली, इथेही त्यांना 'मामा' म्हणून हाक मारू लागली, आणि आठवड्याभरात प्रमुखबाईंपासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत सगळ्यांचेच ते मामा झाले. त्याआधी त्यांना कुणी फारशी हाकच मारत नसे.

प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी तारांनी बोलतात हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण काही पेशी तार वगैरे ओढायच्या भानगडीत पडत नाहीत. त्या एक रसायन नुसतं आसपास सोडून देतात. ते झिरपत झिरपत लांब जातं, आणि ज्या पेशीच्या अंगावर ते ओळखणारा कान असेल, तिलाच ते ऐकू येतं. बाकीच्या ठार बहिऱ्या. कोण काय बोलतं आणि कुणाला कान आहेत, याचा अख्ख्या मेंदूचा नकाशा बाईंना काढायचा होता. भिंतभर पसरलेल्या त्या नकाशात भाचीला एक नवी रेघ मिळाली होती. मेंदूच्या तळाशी मोहरीएवढा पेशींचा एक पुंजका असतो. उंदरी आई झाली की त्या पुंजक्यातल्या पेशींना एका रसायनासाठी नवे कान फुटतात, असं तिचं म्हणणं. त्यासाठी सहा लेकुरवाळ्या उंदरी आणि सहा सड्या, पिल्लं न झालेल्या. लेकुरवाळ्यांमध्ये पुंजका दिवाळीसारखा उजळला होता, सड्यांमध्ये जेमतेम मिणमिणत होता.

पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी या रेघेवरचा लेख मासिकाकडे जायचा होता. महिन्याभराने कायमच्या जागेसाठी समिती बसणार होती, आणि जागा एकच होती. लेख गेला तर जागा भाचीची, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं.

मोजणाऱ्याने आंधळेपणाने मोजायचं हा नियम. काच कुठल्या उंदरीची आहे हे त्याला कळता कामा नये, नाही तर डोळे मनासारखं बघतात. म्हणून काचांवर नुसते आकडे असत, आणि कुठला आकडा कुणाचा याची यादी मामा करत. यादी लखोट्यात घालून, लखोटा चिकटवून, जोडावर सही करून ती त्यांच्या खणात जायची. खणाची किल्ली घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. आणि जुडगा घरी दाराजवळच्या खिळ्याला, जिथून भाची रोज येता-जाता आपली छत्री घेत असे.

यादीसाठी बैठकीत फाडलेला लखोटा बैठक संपल्यावर टेबलावरच राहिला होता. मामांनी तो घडी करून खिशात टाकला. आपल्या जागेवर येऊन, दार लोटून, त्यांनी तो भिंगाखाली धरला. सहीची रेघ लखोट्याच्या पाकळीवरून खाली उतरताना केसभर सरकली होती. वरचा तुकडा इकडे, खालचा तिकडे. पुन्हा चिकटवल्यासारखा. की आपलाच हात कापला असेल? आताशा कापतो. मामांनी कोऱ्या कागदावर पाच सह्या करून पाहिल्या. पाचही वेगवेगळ्या आल्या. त्यातून काहीच सिद्ध झालं नाही. फक्त आपल्या सहीवर बँक कशी विश्वास ठेवते याचं त्यांना नवल वाटलं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. संशयाचं असंच असतं, एकदा घरात घुसला की पाहुणेही बोलावतो. तीन आठवड्यांपूर्वी भाचीने सहज विचारलं होतं, यादी तुम्ही खणातच ठेवता ना? तेव्हा ते हो म्हणाले होते. हल्ली ते खोलीत आले की तिचं फोनवरचं बोलणं आखडतं व्हायचं. जेवताना ती एकदम विचारायची, "मामा, त्या काचा तुम्ही एकाच दिवशी रंगवल्या होत्या का?" आणि उत्तर अर्धवट ऐकून पाणी आणायला उठायची. म्हणजे बोलणं काढून आपल्याला काय कळलंय ते चाचपतेय, असं मामांच्या मनाने घेतलं.

पुढच्या सोमवारी ते सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत दिवा बदलायला गेले. दाराला सुतळीने वही टांगलेली असते. कोण कधी बसलं ते तिच्यात लिहायचं. वहीत भाचीचं अक्षर होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तीन तास. मग गुरुवारी. मग काल, रविवारी, दुपारी दोन ते पाच. घरी तर ती मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून गेली होती.

मोजणी संपली, निकाल लागला, टेबलं वाजली. मग आता तिथे काय काम? ज्याने सरळ मोजलंय तो पुन्हा पुन्हा काचांपाशी कशाला जाईल? मामा वही हातात धरून उभे राहिले. त्यांना आपल्या बहिणीचा चेहरा आठवला आणि ओशाळवाणं वाटलं, जणू काही लपवाछपवी त्यांनीच केली होती.

बाईंना सांगावं का? सांगून चुकलं, तर मुलीच्या कपाळी कायमचा डाग. न सांगून चुकलं, तर खोटी रेघ नकाशात जाणार, आणि उद्या कुणी परक्या प्रयोगशाळेत त्या रेघेवर विसंबून पाच वर्षं घालवणार. विचारावं तर तिलाच विचारावं. ते संध्याकाळी दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा "पंखा बंद केलास का?" एवढंच विचारून परतले. दुसऱ्यांदा तेही सुचलं नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं की आपणच मोजायचं. पण कुठली काच कुणाची हे त्यांना पाठ होतं. तेव्हा दुसऱ्या कुणीतरी काचांवरचे आकडे झाकून नवे घालायला हवे होते, आणि प्रयोगशाळेत कुणाला सांगितलं तर दुपारच्या चहापर्यंत बातमी नकाशेवाल्याकडे आणि चहानंतर सगळीकडे. म्हणून मंगळवारी संध्याकाळी, एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. बारा काचांची चपटी पेटी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. भाची यायची होती.

मामी भाजी निवडत बसल्या होत्या. मामांनी पेटी टेबलावर ठेवली, दिव्याला टॉवेल गुंडाळला, कारण रंगवलेल्या काचांना उजेड सोसत नाही, आणि काय करायचं ते सांगितलं. प्रत्येक काचेच्या डोक्यावर औषधाच्या कपाटातली चिकटपट्टी लावायची, तिच्यावर तुझ्या मनाने आकडा लिहायचा, कुठल्याचा कुठला केला ते कागदावर टिपून तुझ्याजवळच ठेवायचं. मला दाखवायचं नाही. मागितलं तरी नाही.

"हे कशासाठी?" मामींनी विचारलं.

"डोळे तपासायचेत माझे."

"डोळे तपासायला लोक डॉक्टरकडे जातात. उंदराच्या मेंदूकडे जाणारे तुम्ही पहिले." मामींनी हात पुसले आणि कात्री घेतली. पट्ट्या कापता कापता म्हणाल्या, "अहो, चोरी कुणी केलीय मला माहीत नाही. पण चोराचं तोंड तुम्ही केलंय. कुणावर आहे संशय?"

"कुणावर नाही."

"म्हणजे घरातल्यावर," मामी म्हणाल्या, आणि पुढे काही न विचारता त्यांनी बारा पट्ट्या चिकटवल्या. भाची आली तेव्हा पेटी पिशवीत होती आणि टॉवेल मात्र दिव्यावरच राहिला होता. तिने टॉवेलकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि जेवायला बसली. त्या रात्री तिघंही हवापाण्याबद्दल फार बोलले.

बुधवारी दुपारी भाची बाईंबरोबर लेखावर शेवटचा हात फिरवत होती. मामांनी वहीत आपली वेळ लिहिली, अंधाऱ्या खोलीचं दार लावलं आणि पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. काळ्या आभाळात हिरवे कण. ते मोहरीएवढ्या पुंजक्यावर आले आणि उजळलेली एकेक पेशी ओठ हलवत मोजू लागले. चुकलं की पहिल्यापासून. प्रत्येक काच दोनदा. तीन तासांनी बारा आकडे कागदावर उतरले, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मानेचं पार लाकूड झालं होतं.

त्यांनी घरी फोन लावला. मामी यादी वाचत गेल्या, मामा लिहीत गेले. मधेच मामी थांबल्या आणि दूध उतू गेलं म्हणाल्या, तेव्हा मामांचा जीव टांगणीला लागला. यादी पुरी झाली. त्यांनी आपले आकडे भाचीच्या आकड्यांशेजारी मांडले.

तेच होते. दोन-चारचा फरक इकडे तिकडे. सहा वर, सहा खाली, मधे तोच रस्ता.

म्हणजे मुलीने खोटं मोजलं नव्हतं. मामा खुर्चीत मागे रेलले. अंधारात एकटेच हसले. पोरीवर आपण आळ घेतला, साप साप म्हणून भुई धोपटली. आता घरी जाताना तिच्यासाठी काहीतरी न्यावं, असाही विचार मनात आला. ते काचा पेटीत भरू लागले. शेवटची काच अजून भिंगाखालीच होती, एका सडीची. काढायच्या आधी त्यांनी ती सहज बाजूला सरकवली, आणि मेंदूच्या बाहेरच्या सालीचा पट्टा नजरेखाली आला.

या पट्ट्यात कान असतातच. आई असो, नसो, नर असो, मादी असो. प्रत्येक उंदराच्या मेंदूत हा पट्टा सारखाच उजळतो. रंग नीट चढलाय की नाही ते बघायला मामा नवशिक्यांना हाच पट्टा दाखवत. आणि इथे तो पट्टा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसत होता.

त्यांनी दुसऱ्या सडीची काच लावली. तेच. तिसरीची, तेच. मग लेकुरवाळीची लावली. पट्टा लख्ख. सहाही लेकुरवाळ्यांचे पट्टे लख्ख, सहाही सड्यांचे मंद. म्हणजे नुसता पुंजकाच नव्हे, सड्यांचा सगळा मेंदूच फिका होता. हा फरक उंदरींचा नव्हता. रंगाचा होता.

रंग मामांनी चढवला होता.

ते आपल्या जागेवर गेले आणि कामाची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. रंगवण्याचं पहिलं ताट: लेकुरवाळ्या सहा. दोन दिवसांनी दुसरं ताट: सड्या सहा. आणि दुसऱ्या ताटासमोर त्यांच्याच अक्षरात, बारीक, नीटनेटकं, 'द्रव दुसऱ्यांदा'.

पेशींवरचे कान उजळवणारं औषध थेंबांच्या मापाने येतं आणि मागवल्यावर तीन-तीन महिने येत नाही. थोरले सर, ज्यांनी ही प्रयोगशाळा उभी केली आणि मामांना काम शिकवलं, ते म्हणायचे की एकदा वापरलेलं द्रव फेकायचं नाही. गाळून, बाटलीवर दोनचा आकडा घालून थंड कपाटात ठेवायचं, एका ताटाला ते आणखी पुरतं. पुरायचंही. कारण थोरल्या सरांच्या काळी प्रश्न एवढाच असायचा, की अमुक ठिकाणी कान आहेत की नाहीत. मंद दिसले तरी आहेत ते आहेतच. आता प्रश्न बदलला होता. आता विचारायचं होतं की इथल्यापेक्षा तिथे किती जास्त. आणि मामा जुन्याच सवयीने, पेटीत ज्या क्रमाने मेंदू आले त्या क्रमाने, पहिल्या सहांना ताजं औषध आणि दुसऱ्या सहांना उरलेलं पाजून मोकळे झाले होते. आकडे घालण्यात, लखोटा चिकटवण्यात, सही करण्यात कुठेही चूक नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दहा दिवस ते भाचीच्या मागावर होते.

रात्री त्यांना झोप लागली नाही, हे सांगायला नकोच. गुरुवारी सकाळी ते अंधाऱ्या खोलीत गेले तर भाची आधीच तिथे होती. पेटी तिच्या मांडीवर होती. मामींच्या पट्ट्या काढायच्या राहून गेल्या होत्या.

"मामीचं अक्षर आहे हे," ती म्हणाली.

मामांनी दार लावून घेतलं. त्यांनी रात्रभर जी वाक्यं जुळवली होती त्यातलं एकही आठवेना. शेवटी ते म्हणाले, "सालीचा पट्टा बघितलास का? सड्यांचा?"

"बघितला."

"कधी?"

"मागच्या मंगळवारी. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी." ती खाली बघून बोलत होती. "नकाशेवाल्याने ते शाळेचं काढलं ना, ते मलाही ऐकू आलं होतं. रात्रभर डोक्यात तेच. म्हणून परत येऊन बघितलं. मग तुम्ही जेवायला गेल्यावर तुमची कामाची वही बघितली."

म्हणजे तिच्या संशयाची वाट मामांच्या वहीपर्यंत कधीच येऊन पोचली होती. मामांना क्षणभर राग आला, आपली वही हिने न विचारता उघडली म्हणून. मग पेटीतल्या पट्ट्या दिसल्या आणि तो गिळावा लागला.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुमच्या एका बाटलीत माझी तीन वर्षं बुडाली? निवृत्तीला चार महिने उरलेत तुमचे. लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याचा हात सुटला." तिने मांडीवरची पेटी सरळ केली. "आणि तेवढंच नाही. तो फरक खरा असावा असं मलाच वाटत होतं. परत परत यायचे, पट्टा बघायचे. वाटायचं, आज उजळ दिसेल. मी नक्की कुणाला वाचवत होते ते मला विचारू नका. मला सांगता येणार नाही."

यंत्राचा पंखा घुमत होता. भाचीने एका पट्टीचं टोक नखाने सोडवलं.

"तुमचा माझ्यावर कशाचा संशय होता?"

"लखोट्याचा. सही सरकली होती. उघडून पुन्हा चिकटवल्यासारखी."

"तुम्हीच उघडलात तो. यादी आत घातली की चुकून कोराच कागद घातला, ते बघायला. मी दारात उभी होते. नंतर दिवसभर बोटांचा गोंद काढत बसला होतात."

मामांना गोंद आठवला. लखोटा उघडल्याचं आठवेना, पण गोंद आठवला, आणि असं आपण करू शकतो याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही.

"मला सरळ विचारायचं होतंत," भाची म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मी विश्वास ठेवला असता."

हे कौतुक होतं की टोमणा, हे दोघांनाही धड कळलं नाही.

वर जाऊन बाईंना सांगायचं हे ठरवावं लागलंच नाही. कोण सांगणार यावर मात्र जिन्यात घासाघीस झाली. भाची म्हणत होती मी सांगते, मामा म्हणत होते बाटली माझी आहे. त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट पक्की होत होती, ती त्यांनी तिला सांगितली नाही. चूक आधी आपल्याच लक्षात आली, काल दुपारी, असं सांगायचं. खोटं म्हटलं तर अर्धंच. चार महिन्यांनी घरी जाणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी काय करणार? मुलीची जागा तरी राहील.

बाई हातात पेन्सिल घेऊन लेखाची शेवटची प्रत वाचत होत्या. मामांनी वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली आणि सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं; थोरल्या सरांवर काही ढकललं नाही. बाईंनी ते पान दोनदा वाचलं. पेन्सिल आडवी ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच मामांना भीती वाटली.

"हे आधी कुणाच्या लक्षात आलं?" बाईंनी विचारलं.

त्या का विचारत होत्या ते उघड होतं. चुका सगळ्यांकडून होतात, त्या नव्याने करून निस्तरता येतात. पण चूक कळून गप्प बसणाऱ्याच्या हाती प्रयोगशाळा कशी द्यायची?

मामांनी तोंड उघडलं. खोटं तयार होतं, तारीखवार रचलेलं होतं. भाची शेजारी उभी होती. तिच्या तोंडावर काही मागणं नव्हतं. मामांच्या मनात आलं, ही मुलगी खोटं बोलते का, याचा आपण दहा दिवस छडा लावत होतो. आता तिच्या देखत, तिच्याच नावाने, आपणच बोलणार. आणि मग आपला मामा किती सफाईने खोटं बोलतो हे तिला जन्मभर ठाऊक असणार. पुढे आपण हातात दिलेली एकेक काच ती तशाच नजरेने बघेल.

"तिच्या," मामा म्हणाले. "माझ्या आधी. आठ दिवस."

भाचीने मान वर केली. "मीच सांगणार होते," ती म्हणाली. "आत्ता."

"आत्ता," बाई म्हणाल्या. "उद्या लेख जायचा, आणि आत्ता."

मग बाईंनी एकेक गोष्ट ठरवून टाकली, बाजाराची यादी सांगावी तशी. लेख जाणार नाही. नव्या सहा लेकुरवाळ्या, नव्या सहा सड्या. एकाच ताटात, एकाच दिवशी, ताज्या औषधात, आलटून पालटून. यादी बाईंच्या घरी राहील. दोनचा आकडा घातलेल्या बाटल्या आज दुपारपर्यंत कपाटातून बाहेर. समितीला जे घडलं ते जसंच्या तसं कळवलं जाईल. "या वर्षी जागेचं मनातून काढून टाक," त्या भाचीला म्हणाल्या. "रेघ खरी असली तर ती पुढच्या वर्षीही तिथेच असेल. तुझं काय, ते मी तेव्हा बघेन."

मामांना वाटलं, आपल्यालाही काही सुनावतील. बाईंनी फक्त वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहून ठेवलं होतंत, मामा. कुणी लिहूनही ठेवत नाही."

संध्याकाळी दोघं नेहमीच्या रस्त्याने घरी निघाली. भाची दोन पावलं पुढे होती. मामांनी विचारलं, रागावलीस का?

"थोडी. तुम्ही खोटं बोलाल असं वाटलं होतं."

"मलाही."

"बोलला असतात तर मी गप्प बसले असते बहुतेक." पिशवी तिने एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "पुढच्या महिन्यापासून मी खोली घेते. प्रयोगशाळेजवळ एक आहे. बाई बोलल्या नाहीत, पण एकाच घरातून आपण दोघं त्याच काचा रंगवायच्या आणि मोजायच्या, हे बरं नाही."

मामांना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. मामीला कोण सांगणार, एवढंच त्यांनी विचारलं. तुम्ही, असं भाची म्हणाली. तूच सांग, तुझं ऐकते ती, असं मामा म्हणाले. बोलता बोलता घर आलं.

मामींनी दार उघडलं. चपला काढणाऱ्या दोघांच्या तोंडांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं.

"चोर कोण निघालं मग?" त्यांनी विचारलं.

भाचीने मामांकडे बघितलं. मामांनी जुडगा खिळ्याला अडकवला, खुर्ची ओढली आणि बाटलीपासून सांगायला सुरुवात केली.